पाऊण किलोवॅटचा उंबरठा

डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट डोळ्यांसमोर आणा. खिडकीशी मोटर बसवलेलं शिलाई मशीन आहे. कोपऱ्यात अस्तराच्या कापडांचा ढीग आहे आणि दारामागच्या खुंटीवर नावांच्या चिठ्ठ्या टोचलेले ब्लाउज टांगलेले आहेत. आधी घरच्या मुलींचे फ्रॉक शिवणाऱ्या वहिनी हळूहळू शेजारणींच्या साड्यांना फॉल-पिको करून देऊ लागल्या, मग ब्लाउज शिवू लागल्या. आता लग्नसराईत त्यांना मान वर करायला फुरसत नसते. अशातच सोसायटीच्या सभेत कुणीतरी उठून म्हणतं, "हा राहायचा फ्लॅट आहे, इथे धंदा चालणार नाही." वहिनी काहीच बोलत नाहीत. मनातून त्यांनाही वाटत असतं की आपण चोरून काहीतरी करतोय.

ही वहिनी मी कल्पनेतून उभी केली आहे, पण तिच्यासारखी एक तरी बाई प्रत्येक वाचकाच्या ओळखीची असेल. तिच्या मनातली ही अपराधी भावना अनाठायी आहे. महाराष्ट्राच्या नगररचनेच्या नियमांत तिच्यासाठी जागा ठेवलेली आहे. जागा लहान आहे, तिला कडक कुंपण आहे, आणि एका ठिकाणी ते कुंपण अन्यायकारक आहे असं माझं मत आहे. पण जागा आहे, आणि ती कुठून कुठपर्यंत आहे हे वहिनींना कुणी सांगितलेलं नाही.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. 'विकास' म्हटलं की आपल्याला पाया, विटा, स्लॅब आठवतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यात मात्र या शब्दाचा अर्थ बराच रुंद आहे. इमारतीच्या वापरात ठळक बदल केला, तर एक वीटही न हलवता तो 'विकास' ठरतो. कलम ४३ प्रमाणे विकास करायचा किंवा वापर बदलायचा तर नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिकेची, लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय वापर बदलला तर कलम ५२ लागू होतं आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. हे वाचून कुणीही घाबरेल. म्हणून खरा प्रश्न असा की घरात शिवणकाम केल्याने घराचा वापर बदलतो का?

या प्रश्नाला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. आपल्या जुन्या शहरांत घर आणि काम एकाच छपराखाली असायचं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवरचे ठोके राहत्या घरांतूनच ऐकू येतात. धारावीच्या कुंभारवाड्यात चाक, भट्टी आणि बिछाना यांत काही पावलांचं अंतर आहे. सोलापुरात हजारो बायकांनी तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणून, स्वयंपाक आवरून, दारात बसून विड्या वळल्या. मुंबईत मात्र हे शेजारपण जिवावर उठलं. गिरण्या आणि चाळी एकमेकींना खेटून वाढल्या, १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात देशातला पहिला नगररचना कायदा झाला. धूर, गोंगाट आणि गर्दी यांना माणसांच्या झोपण्याच्या जागेपासून लांब ठेवायचं, ही त्यामागची भावना योग्यच होती. पुढे विकास आराखडे आले आणि नकाशांवर रंग चढले. निवासी, व्यापारी आणि औद्योगिक विभाग वेगळे झाले.

पण रंगाने सगळंच भागत नाही. नकाशावर पिवळा रंग भरला म्हणून त्या इमारतीतल्या बायका पापड लाटायच्या थांबत नाहीत. नियम लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं. म्हणून मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत 'घरगुती व्यवसाय' या संज्ञेची एक लांबलचक व्याख्या आहे. २०१८ पासून मुंबईत लागू झालेल्या २०३४ च्या आराखड्याच्या नियमावलीत आणि डिसेंबर २०२० मध्ये मुंबई वगळून राज्याच्या बहुतेक भागाला लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत तीच कल्पना पुढे चालू राहिली आहे. डोंबिवलीच्या वहिनींना ही एकत्रीकृत नियमावली लागू पडते. त्यांच्या घरावर परिणाम करणारं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य या व्याख्येत आहे. ते एका दमात वाचून कळत नाही, म्हणून त्याचा एकेक तुकडा त्यांच्या मशीनशेजारी ठेवून पाहू.

पहिली अट आहे की काम घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाने करायचं. वहिनी तिथेच राहतात, इथे अडचण नाही. दुसरी अट अशी की पगारी माणूस ठेवायचा नाही. तिच्याकडे पुढे परत येईन, कारण सगळा वाद तिथेच आहे.

पुढची अट पाटीची. या घरात राहण्याखेरीज आणखी काही चालतं, हे इमारतीच्या बाहेरून दिसता कामा नये. कंपाउंडच्या भिंतीवर 'येथे ब्लाउज शिवून मिळतील' असा फलक लावला, गॅलरीतून पुतळा डोकावला किंवा जिन्यात बाण काढले, की व्याख्येतून बाहेर पडलात. मला ही अट फार समंजस वाटते. ती उत्पन्न मोजत नाही, आणि शिवणारीची जात, शिक्षण किंवा पदवीही विचारत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते घर घरासारखं दिसतंय ना, एवढंच ती पाहते. वहिनींचं काम तोंडोतोंडी पसरलेलं आहे, त्यांना पाटीची गरज कधी पडलीच नाही.

त्यानंतरची अट विक्रीची. घरात जे तयार होतं तेच विकता येतं, बाहेरून आणून विकता येत नाही. शिवलेला ब्लाउज विकला तर चालतो. सुरतेहून साड्यांचे गठ्ठे आणून, दिवाणावर पसरून विकायला बसलं तर ते दुकान होतं. दिवाळीत घरी तळलेल्या चकल्या आणि अनारसे व्याख्येत बसतात, पण बाजारातून घाऊक सुकामेवा आणून पुड्या बांधून विकणं बसत नाही. हॉलमध्ये खोक्यांची थप्पी लावून ऑनलाइन माल पाठवणाऱ्या आजच्या अनेक तरुण व्यावसायिकांनी हा तुकडा दोनदा वाचावा. त्यांचा धंदा कितीही शांत असला, तरी या व्याख्येच्या आधाराने तो उभा राहत नाही.

खाण्यापिण्याबद्दल व्याख्येत आणखी एक रेघ आहे. लोकांना बसवून खाऊपिऊ घालणारं ठिकाण त्यातून स्पष्टपणे वगळलं आहे. म्हणजे हॉलमध्ये चार टेबलं टाकून मेस चालवता येणार नाही. पोळी-भाजीचा डबा करून बाहेर पाठवणं मात्र या शब्दांत अडकत नाही, असं माझं वाचन आहे, अर्थात बाकीच्या अटी पाळल्या तर. डबेवाल्या काकूंना त्याशिवाय अन्नसुरक्षेची नोंदणी लागतेच. २०११ च्या मूळ नियमांनुसार वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असणाऱ्या लहान व्यावसायिकाला पूर्ण परवान्याऐवजी वर्षाला १०० रुपयांत साधी नोंदणी ठेवली होती. ती जरूर करावी. पण हा कागद स्वयंपाकाच्या स्वच्छतेबद्दल आहे, जागेच्या वापराबद्दल त्यात काहीच ठरत नाही. एका कार्यालयाचा दाखला मिळाला म्हणजे सगळं झालं, या समजुतीने अनेकांची फसगत होते.

आता मोटर. काम सुरक्षित असावं, शेजाऱ्यांना धोका नसावा, आणि यंत्र वापरायचं तर घरात एरवी वापरतात तसंच असावं, असं व्याख्या म्हणते. यंत्र विजेवर चालत असेल तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या वर जाता कामा नये. पाऊण किलोवॅट म्हणजे जवळपास एक अश्वशक्ती. घरगुती शिलाई मशीनच्या मोटरला साधारण शंभर वॅट पुरतात, म्हणजे वहिनींनी जोडीला पिकोचं आणि इंटरलॉकचं मशीन घेतलं तरी त्या मर्यादेच्या पुष्कळ आत राहतील. घराघरांत असणारी घरघंटी बहुधा एक अश्वशक्तीचीच असते, म्हणजे तिची मोटर थेट या उंबरठ्यावर उभी आहे. पिठाची गिरणी म्हणून गल्लीचं दळण घेणारं यंत्र तो उंबरठा कधीच ओलांडून गेलेलं असतं. हा आकडा लिहिणाऱ्यांनी आवाज डेसिबलमध्ये मोजला नाही, मोटर मोजली. मोटरचा आकडा तिच्यावरच्या पट्टीवर कोरलेला असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. नियम असा असावा.

या सगळ्या अटी पाळल्या तर शिवणकाम, भरतकाम, बटणं करणं अशी कामं निव्वळ निवासी विभागातही राहण्याचाच भाग मानली जातात. घराचा वापर बदललेला नसतो, त्यामुळे कलम ४३ ची परवानगीही लागत नाही. सभेत उठलेल्या त्या गृहस्थांना वहिनी हे शांतपणे सांगू शकतात.

निवासी विभागाचेही प्रकार आहेत. काही निव्वळ निवासी असतात आणि काहींत दुकानं, कार्यालयं यांनाही मुभा असते. तुमची इमारत कशात मोडते हे बऱ्याच अंशी समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरतं. म्हणून हमरस्त्यावरच्या इमारतीत तळमजल्याला दुकानांची रांग दिसते आणि आतल्या गल्लीत दिसत नाही. महापालिकेच्या नगररचना विभागातून झोन दाखला मिळतो, त्यावर हे लिहिलेलं असतं. काम व्याख्येच्या बाहेर वाढणार असेल, तर वापर बदलण्यासाठी कलम ४४ खाली रीतसर अर्ज करता येतो. त्यावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानण्याची सोय कायद्यात आहे, मात्र प्रस्ताव नियमांत बसणारा हवा.

आता त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर जाऊ. तिथे एक वकील राहतात, त्यांच्या समोर सनदी लेखापाल आणि पलीकडे डॉक्टर. त्यांच्यासाठी नियमांत वेगळा दरवाजा आहे. १९९१ च्या मुंबईच्या नियमावलीप्रमाणे तिथे राहणाऱ्या व्यावसायिकाला स्वतःचं कार्यालय किंवा बाह्यरुग्ण दवाखाना ३० चौरस मीटरपर्यंतच्या जागेत चालवता येत असे. नंतरच्या नियमावल्यांतही हा दरवाजा उघडाच आहे. त्यातले आकडे मात्र आपल्या शहराच्या चालू नियमावलीत पाहून घ्यावेत. अट मुख्यतः एकच, माणूस तिथे राहणारा हवा. ठाण्यात राहून दादरला फक्त ऑफिससाठी फ्लॅट घेणाऱ्या वास्तुविशारदाला हा दरवाजा नाही.

न्यायालयांनीही या मंडळींना बराच आधार दिला आहे. १९४८ चा मुंबईचा दुकाने व आस्थापना कायदा गुजरातमध्येही लागू होता. तिथल्या एका डॉक्टरांच्या खासगी दवाखान्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि असा दवाखाना 'व्यापारी आस्थापना' नाही असा निकाल लागला. मध्य प्रदेशातल्या एका वकिलाच्या घरच्या कार्यालयाला वीज मंडळाने व्यापारी दर लावला होता. तिथेही २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिली हा व्यापार नव्हे असं म्हटलं. माणूस स्वतःच्या ज्ञानावर आणि कौशल्यावर जे करतो ते दुकानदारीपेक्षा वेगळं, असा या निकालांमागचा विचार आहे. मला तो पटतो. पण मग हेही विचारावंसं वाटतं की कटोरी ब्लाउज बेतणारा हात कौशल्याचा नाही का?

विजेचा विषय निघालाच आहे तर इथे जरा थांबू, कारण घाबरवणारी पत्रं बहुतेक वेळा वीज कंपनीकडूनच येतात. घरगुती जोडणीवर दुसऱ्याच कारणासाठी वीज वापरली तर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. पण महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने महावितरणच्या दर आदेशांत एक फार माणुसकीची सवलत दिली आहे. घराच्या एका भागातून व्यवसाय करणाऱ्या ग्राहकाचा वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर त्याला निवासी दरच लागतो. डॉक्टर, वकील, अभियंते यांच्या राहत्या घरातल्या कामालाही निवासी दर आहे. घरघंटी फक्त घरच्या वापरासाठी असेल तर तीही त्यातच येते. वहिनींचं बिल ३०० युनिटच्या आत असेल, तर त्यांनी मीटर बदलून घेण्याची घाई करू नये. दर आदेश ठराविक काळाने नवे निघतात, तेव्हा चालू आदेशातली ही ओळ वाचून घ्यावी आणि तिची छापील प्रत बिलांच्या फायलीत ठेवावी.

उरली सोसायटी. तिचे उपविधी असतात आणि फ्लॅट ज्या कारणासाठी दिला त्याच कारणासाठी वापरावा, अशा अर्थाचं कलम त्यांत असतं. महापालिकेच्या नियमांत जे राहण्याचा भाग मानलं आहे, त्याने फ्लॅटचं कारण बदललं असं म्हणणं अवघड आहे. पण सोसायटीची हरकत दर वेळी आकसाचीच असते असं नाही. लिफ्टमध्ये सतत अनोळखी माणसं, जिन्यात चपलांचा ढीग, रात्री अकराला मशीनची खडखड, पार्किंगमध्ये गिऱ्हाइकांच्या स्कूटर, या तक्रारी खऱ्या असतात आणि त्यांचं निवारण कामाच्या वेळा ठरवून, मशीनखाली जाड रबर टाकून होऊ शकतं. तेवढ्यानेही मिटलं नाही तर सभासद आणि सोसायटीतला वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो, आणि तिथे दोन्ही बाजूंची वर्षं जातात. भाड्याने राहणाऱ्यांनी तर आधी भाडेकरार काढून पाहावा, कारण घरमालकाने त्यात 'फक्त राहण्यासाठी' असं लिहून घेतलेलं असू शकतं.

आता पगारी माणसाची अट.

लग्नसराईत वहिनींकडे चाळीस ब्लाउज पडले आहेत. मागच्या चाळीतली एक मुलगी हातशिलाई, हुक आणि काजं करायला रोज दुपारी तीन तास येते आणि महिन्याला पैसे नेते. ती आली त्या क्षणी वहिनींचं काम व्याख्येच्या बाहेर गेलं. पाटी नाही, मोटर शंभर वॅटची, बाहेरून काही दिसत नाही, शेजाऱ्यांना त्रास नाही, तरीही. खालच्या मजल्यावरच्या वकिलांकडे टंकलेखक आहे, डॉक्टरांकडे कंपाउंडर आहे, लेखापालांकडे आर्टिकलशिप करणारी दोन मुलं आहेत, आणि त्यांच्या दरवाज्यावर पगारी माणसाची अशी मनाई लिहिलेली नाही. एकाच जिन्याने वर जाणाऱ्या माणसांना दोन मापं लावली जातात. मदतीचा हात कुणाला लागतो, हे पाहून नव्हे, तर कामाला 'व्यवसाय' म्हणायचं की 'घरगुती' यावरून माप ठरतं.

ही अट का घातली असेल हे समजतं. पगारी माणसं आली की घराचा कारखाना होतो, ही भीती खोटी नाही. भिवंडी आणि मालेगावच्या वस्त्यांत राहत्या घरांशेजारी यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालतो आणि तिथल्या लेकरांच्या झोपेचं काय होतं हे पाहिलेला माणूस मनाईच्या बाजूने उभा राहील. पण बाकीचे कायदे माणसं कशी मोजतात ते बघा. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने मुळात विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार झाले की तिला कारखाना म्हटलं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने मूळ स्वरूपात दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनेला नोंदणीतून सोडलं आणि नुसती सूचना पुरेशी मानली. कामगार कायद्यांना दहाच्या आतली माणसं फारशी धोक्याची वाटत नाहीत, आणि घरातल्या शिवणकामाला मात्र एकही चालत नाही. शून्य आणि दहा यांच्या मधल्या जागेत आपल्या शहरांतल्या असंख्य बायका रोज काम करतात, आणि त्या जागेबद्दल घराच्या नियमांत अक्षर नाही.

दुसरीकडे यावर उपाय झालेले आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०१३ पासून घरच्या स्वयंपाकघरात पदार्थ करून विकण्याचा कायदा आहे. त्यात घरच्या माणसांखेरीज एक पगारी मदतनीस ठेवायला मुभा आहे. एक, पण आहे. आपल्याकडे तर याहून जुनं उदाहरण गिरगावात आहे. १९५९ मध्ये सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन एका इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याची पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था झाली. तिने पीठ मळण्याचं काम केंद्रात ठेवलं आणि लाटणं बायकांच्या घरी नेलं. लाटणाऱ्या बायकांना तिने पगारी मजूर न म्हणता संस्थेच्या सभासद म्हटलं. जड काम घराबाहेर, हाताचं काम घरात. हीच विभागणी शिवणकामात, गोधड्यांत, मसाल्यांत बचतगटांना करता येईल, आणि ज्यांना जमेल त्यांनी आजच करावी. पण प्रत्येक एकटी बाई संस्था उभारू शकत नाही. तिला दुपारच्या तीन तासांसाठी एका मुलीचा हात हवा असतो.

घरगुती व्यवसायाच्या व्याख्येत 'एका मदतनिसापर्यंत' एवढे शब्द घातले तर मोटरची मर्यादा, पाटीची मनाई आणि बाहेरून घर घरासारखं दिसण्याची अट हे सगळं जागच्या जागी राहतं. कुठल्याही शेजाऱ्याची झोप मोडत नाही. त्या मुलीलाही लपून यावं लागत नाही.

१९६६ च्या कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे विकास आराखडा आणि नियमावलीत फेरबदल करण्याआधी राजपत्रात सूचना काढून नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्यासाठी महिनाभराची मुदत असते. असे फेरबदल अधूनमधून होतच असतात, आणि तेव्हा येणारी पत्रं बहुतेक चटईक्षेत्राबद्दल, पार्किंगबद्दल, उंचीबद्दल असतात. तुमच्या ओळखीत अशी एखादी वहिनी असेल, तर पुढची सूचना निघेल तेव्हा तिच्या वतीने एक पानभर पत्र नगररचना विभागाला पाठवा, आणि त्याची पोच घ्यायला विसरू नका.